घरकुलाचा हप्ता आणि मुकादमाची उचल

दसरा सरला की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतल्या तांड्यांवर आणि वस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या येऊन उभ्या राहतात. भांडीकुंडी, पिठाचे डबे, गोधड्या, एखादी शेळी, कडेवरची लेकरं, सगळं वर चढतं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि दारांना लावलेली कुलपं. काही घरांना तर कुलूप लावायचीही सोय नसते, कारण दारच अजून बसलेलं नसतं. जोतं झालंय, भिंती लिंटलपर्यंत आल्यात, वर गजांचे कोंब उघडे आहेत. भिंतीवर योजनेचं नाव आणि मंजुरीचं वर्ष रंगवायची जागा तेवढी मोकळी सोडलेली. घरधनी आणि घरधनीण पुढचे पाच महिने ऊसतोडीला कुठंतरी सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात, पाचटाच्या कोपीत राहणार.

पक्क्या घरासाठी सरकारी मदत घेतलेलं माणूस त्याच घरापायी कोपीत राहायला जातं, हे चित्र जालना जिल्ह्यात नवं नाही. गरीब कुटुंबाला घराची मदत मिळाली की त्याच्या कामधंद्याचं काय होतं? माणूस मार्गी लागतो, आळशी होतो, की आणखी अडकतो? हा प्रश्न जगभरातल्या अर्थतज्ज्ञांनी बराच पिंजून काढला आहे. त्यांची उत्तरं जालन्याच्या मातीत रुजतात का, ते पाहायला हवं.

त्याआधी एक फरक ध्यानात घ्यायचा. अमेरिकेत ‘मदतीकडून कामाकडे’ असं म्हणतात तेव्हा मदत म्हणजे घरबसल्या मिळणारा सरकारी पैसा असतो. १९९६ च्या कायद्यानं तिथं त्या पैशाला आयुष्यभरात साठ महिन्यांची मर्यादा घातली आणि गरीब आयांना कामाला लागा म्हणून सांगितलं. आपल्याकडं उलटं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर राबवली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला, आणि तेव्हापासून ग्रामीण भागातली मोठी मदत म्हणजेच काम. खडी फोडा, नालाबंडिंग करा, मग पैसे. ‘लाडकी बहीण’सारखी थेट रक्कम ही फार अलीकडची, २०२४ ची गोष्ट. तेव्हा मराठवाड्यातला गरीब माणूस कामाला लागला का, हा प्रश्नच फिजूल आहे. तो कामालाच असतो. हमीच्या, हंगामाच्या, उचलीच्या कामातून तो बारमाही, थोड्या बऱ्या कामाकडं सरकतो का, एवढंच विचारण्यासारखं.

गंमत अशी, की आपली घरकुल योजना रोजगाराच्या योजनेच्या पोटातूनच जन्मली. १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली ती भूमिहीनांना रोजगार देणाऱ्या केंद्राच्या कार्यक्रमाचा एक भाग म्हणून. मजुरांना काम द्यायचं, आणि त्या कामातून त्यांचीच घरं उभी करायची. पुढं ती जवाहर रोजगार योजनेत गेली आणि १९९६ मध्ये वेगळी झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिचं रूप बदलून पंतप्रधान आवास योजना ग्रामीण आली. राज्याच्या रमाई, शबरी, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि अलीकडची मोदी आवास या योजना तिच्याच वळणाच्या. गावात मात्र सगळ्यांना एकच नाव: घरकुल.

आता हिशेब. सपाट भागात घरकुलाला १ लाख २० हजार रुपये. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. स्वयंपाकाची जागा त्यातच. शौचालयाचे १२ हजार वेगळे. शिवाय स्वतःच्या घरावर स्वतः मजूर म्हणून राबल्याचे ९० दिवस रोजगार हमीतून. २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजानं ते होतात २८,०८०. त्या वर्षी राज्यानं आपल्या वाट्याचे आणखी ३५ हजार घातले. सगळी बेरीज १ लाख ९५ हजारांच्या जरा वर. बांधकामाचा दर चौरस फुटाला अगदी हजार रुपये धरला, आणि आज हजारात हात लावणारा गवंडी शोधावाच लागेल, तरी घर जातं २ लाख ६९ हजारांवर. म्हणजे ७४ हजारांची तूट.

ही तूट कोण भरतं? बँक नाही. सावकार भरतो, बचत गट थोडी भरतो, आणि ऊसतोडीच्या पट्ट्यात मुकादम, म्हणजे तोडणीला मजुरांच्या टोळ्या पुरवणारा माणूस, भरतो. उचल म्हणजे हंगामाआधी जोडप्याच्या हातात ठेवलेली रक्कम. जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात, एकट्याला ‘अर्धा कोयता’. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर वाढून टनाला ३६६ रुपये झाला. ७४ हजारांची उचल फेडायची तर त्या दरानं २०२ टन ऊस तोडावा लागतो. जोडपं दिवसाला दोन टन तोडतं असं धरलं तर शंभर दिवस. खाणंपिणं, दवाखाना, बाजारहाट यांतलं काही न धरता. एक सबंध हंगाम घराच्या लिंटलपासून स्लॅबपर्यंतच्या उंचीत जिरतो.

पैसा येतो तोही एकदम येत नाही. अलीकडं हप्ते १५ हजार, ७० हजार, ३० हजार आणि ५ हजार असे पडतात. पहिल्या १५ हजारांत माणूस पाया खोदतो, दगड आणतो, उसनवारीनं जोतं उचलतो. मग मोबाइलवर फोटो काढून त्या जागेसह नोंद व्हायची, ज्याला सगळे ‘जिओ टॅगिंग’ म्हणतात. ती झाली की पुढचा हप्ता. हा मधला काळ फार महागाचा. वाळू हा तर स्वतंत्र अध्याय आहे. घरकुलाला पाच ब्रास वाळू फुकट, हे धोरण २०२५ चं. पण गोदाकाठच्या पट्ट्यातून भोकरदनच्या किंवा जाफ्राबादच्या एखाद्या गावापर्यंत ती वाहून आणायची म्हटलं की फुकट या शब्दाला चाकं लावावी लागतात, आणि चाकांना डिझेल.

म्हणून म्हणतो, घराची मदत माणसाला कामापासून तोडते का, ही अमेरिकेतली काळजी इथं ऐकताना हसू येतं. तिथली काळजी मात्र खोटी नव्हती. तिथं गरिबाला घर बांधून देत नाहीत, भाड्याची चिठ्ठी देतात. कुटुंबानं आपल्या उत्पन्नाचा साधारण ३० टक्के भाग भाड्याला द्यायचा, वरचं सरकार भरणार. परिणाम असा, की शंभर डॉलर जास्त कमावले तर तीस भाड्यात गेले. कमाईवरचा हा न दिसणारा कर. शिकागोत १९९७ मध्ये अशा चिठ्ठ्यांसाठी ८२ हजारांहून जास्त अर्ज आले आणि सोडतीनं क्रम लावावा लागला. ब्रायन जेकब आणि जेन्स लुडविग या अभ्यासकांनी त्या सोडतीचा उपयोग करून घेतला. चिठ्ठी मिळालेल्यांची कमाई सुमारे १० टक्क्यांनी घटली आणि काम करणाऱ्यांचं प्रमाण ६ टक्क्यांनी कमी झालं, असं त्यांना दिसलं. दुसरा प्रयोग खास कामाला लागणाऱ्या कुटुंबांसाठीच होता. १९९९ मध्ये तिथल्या सरकारनं पन्नास हजार चिठ्ठ्या त्यासाठी काढल्या. अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस धरून सहा ठिकाणची ८,७३१ कुटुंबं साडेतीन वर्षं पाहिली. सुरुवातीला कामात थोडी घट दिसली, ती पुढं विरली. कामधंदा फारसा सुधारला नाही की बिघडला नाही. बेघर होण्याचं प्रमाण मात्र खूप उतरलं.

माझ्या मते यातली खरी शिकवण आळसाची नाहीच, ती अटींची आहे. मदतीला लावलेली अट माणसाच्या वागण्याला वळण लावते. आपल्या घरकुलात एकदा पैसे मिळाले की पुढच्या कमाईवर काही कापून घेत नाहीत. इथली अट आधी उभी असते, यादीत नाव येईपर्यंत. २०१६ च्या नियमांत घरात कुणी महिन्याला १० हजारांहून जास्त कमावत असेल, दारात मोटारसायकल असेल, फ्रीज असेल, किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर नाव बाद. आता बघा. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जायचं तर बदनापूरच्या आतल्या गावातून मोटारसायकलशिवाय कसं जाणार? म्हणजे बारमाही कामाचं जे पहिलं साधन, तेच घरकुलाच्या आड येणारं. गाडी मेहुण्याच्या नावावर ठेवायची युक्ती कुणी कुणाला शिकवली नाही, ती अटीनंच शिकवली. २०२४ मध्ये दुचाकी आणि फ्रीजची अट काढली, कमाईची मर्यादा १५ हजार केली. उशिरा का होईना, बरं झालं. ‘ड यादी’त, म्हणजे घरकुलाच्या प्रतीक्षायादीत, नाव लागायची वाट पाहत वर्षानुवर्षं ज्यांनी काढली, त्यांनी त्या वर्षांत काय काय टाळलं असेल, याची नोंद कुठल्या प्रपत्रात नसते.

घर कुठं मिळतं, ही दुसरी गोष्ट. अहमदाबादेत १९८७ साली विडी वळणाऱ्या बायकांसाठी घरांची सोडत निघाली. ४९७ जणींतून ११० जणींना शहराच्या कडेला, जुन्या वस्तीपासून सुमारे बारा किलोमीटरवर, चांगली घरं मिळाली. शॅरन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी चौदा वर्षांनी जाऊन पाहिलं. विजेत्यांपैकी ३४ टक्के तिथं राहायला गेल्याच नव्हत्या, ३२ टक्के जाऊन परत आल्या होत्या. ज्यांना घर लागलं त्यांची कमाई न लागलेल्यांपेक्षा काही वरचढ नव्हती. उलट अडीअडचणीला धावून येणारं गणगोत दुरावलं होतं. घर चांगलं, पण ते शेजारणींपासून, मालकापासून, उसन्या साखरेपासून लांब.

मुंबईतलं चित्र निराळं. म्हाडाच्या सोडतीत घर लागलेल्या कुटुंबांचा तनू कुमार यांनी अभ्यास केला, त्यांत शिक्षण आणि नोकरी दोन्ही वाढलेली दिसली. एक कारण साधं: मुंबईतलं घर ही एवढी मोठी मालमत्ता असते, की ते भाड्यानं दिलं तरी संसाराला टेकू मिळतो. जालन्यातल्या तांड्यावरचं घरकुल कोण भाड्यानं घेणार? ते विकता येत नाही आणि कुणी घेणारही नसतो.

आपलं घरकुल गावातच बांधायचं असतं, म्हणून अहमदाबादेसारखी ताटातूट होत नाही. हे मोठंच. पण तोच दोरा दुसरीकडून काचतो. जिथं काम नाही नेमकं तिथंच घर पक्कं होतं. १ मे १९८१ ला औरंगाबादेतून वेगळा झालेला हा जिल्हा २०११ च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांचा, आणि त्यातले दहांतले आठ लोक खेड्यांत राहणारे. कारखाने एका टोकाला, जालना शहराजवळ. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जुन्या व्यापारी पेठेची. आता पाळण्याच्या जागी लोखंडाच्या भट्ट्या आहेत. इथल्या गजांचा स्लॅब राज्यभर पडतो. त्या भट्ट्यांवर बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कितीतरी मजूर राबतात, आणि मंठ्याचा माणूस जालन्याचाच गज घरकुलात अर्धा उभा करून कर्नाटकात ऊस तोडायला जातो. यात कुणाचा दोष म्हणावा असं नाही. भट्टीला रोजचा माणूस लागतो, ऊस एकरकमी उचल देतो, आणि घराला एकरकमीच पैसा लागतो. महिन्याच्या पगारातून साठवून स्लॅब टाकायला दोन पावसाळे जावे लागतात. तोवर जोत्यात पाणी.

पण घर पुरं झालं की मग काय? इथं मला पेरूचा दाखला फार मोलाचा वाटतो. १९९६ नंतरच्या सात-आठ वर्षांत त्या देशानं शहरांतल्या झोपडवस्त्यांमधल्या दहा लाखांहून जास्त कुटुंबांना जागेचे कागद दिले. वर ज्यांचं नाव आलं त्या एरिका फील्ड यांनीच तोही अभ्यास केला. कागद मिळालेली माणसं घराबाहेर जास्त तास काम करू लागली होती, आणि लेकरांचं काम कमी झालं होतं. कारण ऐकलं तर आपल्याला लगेच पटतं: आधी घर राखायला कुणीतरी घरी बसावं लागे. जागा आपली नसली की पाठ फिरताच दुसरा येऊन बसायची भीती.

मराठवाड्यात हे गायरानाला, म्हणजे गावच्या सरकारी चराऊ जमिनीला, लागू पडतं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये केलेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून गायरान हा इथल्या दलित कुटुंबांच्या जगण्याचा प्रश्न आहे. त्या जमिनीवर पोरं जन्मली, नातवंडं जन्मली, पण नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, नाव नाही. नाव नाही म्हणजे घरकुलाला जागा नाही. जागा घ्यायला पैसे देणारी पंडित दीनदयाल उपाध्याय योजना आहे, तिचे ५० हजार पुढं एक लाख झाले, मर्यादा पाचशे चौरस फुटांची. राज्यानं २०१८ मध्ये घरकुलासाठी अतिक्रमणं नियमित करायचा निर्णयही काढला, आणि २०२२ मध्ये गायरानांवरची अतिक्रमणं हटवायच्या नोटिसांनी तेच लोक पुन्हा हबकले. ड्रोननं गावठाण मोजून मालमत्तापत्रक देणारी स्वामित्व योजना २०२० पासून चालू आहे, पण ती गावठाणाची. गायरानावरची वस्ती त्या ड्रोनच्या नजरेतून सुटते. ज्यांना कागदाची सर्वांत जास्त गरज, ते नकाशाच्या कडेबाहेर.

घराचा कामावर होणारा सर्वांत मोठा परिणाम बहुधा बाईच्या वेळेवर होतो, आणि तो कुणी मोजत नाही. कुडाच्या घराला दरवर्षी लिंपण लागतं. माळवदावर पावसाळ्याआधी माती टाकावी लागते, पत्र्याच्या छपरावर दगड ठेवावे लागतात, गळती लागली की रात्रभर भांडी सरकवावी लागतात. हे काम रोजंदारीच्या कुठल्याच पत्रकात येत नाही. केपटाउनच्या झोपडवस्त्यांतून सरकारी घरांत गेलेल्या कुटुंबांत बायकांची कमाई वाढली, असं सायमन फ्रँकलिन यांच्या अभ्यासात दिसतं. घरकामातून सुटलेले तास बाहेरच्या कामाला लागले, असा त्याचा अर्थ. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात सरकारनं फक्त मातीच्या जमिनीवर सिमेंट ओतून दिलं. जिथं सगळी जमीन सिमेंटची झाली तिथं लेकरांच्या पोटातल्या जंतांचा त्रास ७८ टक्क्यांनी आणि जुलाब ४९ टक्क्यांनी कमी झाले. लेकरू आजारी पडलं की रोज कुणाचा बुडतो, हे सांगायला अभ्यास नको.

पण फरशी मिळून पाणी नसेल तर? २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा टँकरवर होता. शहरालाही जायकवाडीची जलवाहिनी २०१३ मध्ये आली तेव्हा धीर आला. घरकुलाच्या दारात नळ नाही, आणि लिंपणातून सुटलेले तास हंड्याच्या रांगेत गेले, तर केपटाउनचा निष्कर्ष अंबडमध्ये कसा उतरावा? पक्कं घर वेळ वाचवतं, पण तो वेळ बाईच्या हाती उरेलच असं नाही.

वेळ उरला तर काम आहे. जाफ्राबाद आणि शेजारच्या बुलडाण्यातल्या देऊळगाव राजाच्या बाजूला शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं तयार होतं, आणि परागीकरणाचं, म्हणजे गावच्या भाषेत ‘क्रॉसिंग’चं, नाजूक काम बहुतेक बायकाच करतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको उभी केली तेव्हापासून बियाणं हा या भागाचा धंदाच. जालन्याच्या बाजार समितीत २०१८ मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. तुतीची लागवड रोजगार हमीतून करता येते, पण अळ्यांना सावलीची, स्वच्छ, मोकळी जागा हवी. कापूस साठवायला कोरडी खोली असेल तर वेचणीच्या आठवड्यातच मातीमोल भावानं विकावा लागत नाही. शिलाई यंत्राला न गळणारा कोपरा लागतो, शेळीला आडोसा. खेड्यात घर म्हणजे निम्मं कामाचं ठिकाण. त्या हिशेबानं २६९ चौरस फूट म्हणजे माणसांनाच दाटीवाटी. योजना आखणाऱ्यांनी घर मोजलं, ते झोपण्यापुरतं.

हंगामाचं कोडं मात्र राहतंच. अमेरिकेत गरीब वस्तीतून बऱ्या वस्तीत नेलेल्या कुटुंबांचा १९९४ पासूनचा एक मोठा प्रयोग आहे. त्यात मोठ्यांच्या कमाईत काही फरक पडला नाही, पण तेरा वर्षांच्या आत हललेली मुलं मोठी झाल्यावर ३१ टक्के जास्त कमावू लागली. मदतीचं फळ पुढच्या पिढीच्या ओंजळीत पडलं. आपल्याकडं घर हलत नाही, लेकरूच हलतं, दर दिवाळीत, शाळा सोडून. २०२१ मध्ये राज्यानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं जाहीर केली. पहिल्या टप्प्यातल्या दहा तालुक्यांत घनसावंगी आणि अंबड आहेत, मुलांचं एक, मुलींचं एक. वसतिगृह आणि आजीसकटचं पक्कं घर, दोन्ही असेल तर लेकरू शाळेत राहतं.

आणि आजीला लेकरं सांभाळायला न गळणारं छप्पर हवं असेल तर ७० हजारांचा हप्ता कोणत्या महिन्यात पडतो याला महत्त्व येतं. उन्हाळ्यात पडला तर जोडपं गावात असतं, नव्वद दिवसांची मजुरी स्वतःच्या घरावर निघते, पावसाआधी स्लॅब पडतो, आणि दसऱ्याला मुकादम आला तर त्याच्याशी बोलताना आवाज थोडा मोठा असतो. हप्ता दिवाळीनंतर पडला तर खात्यात पैसे येतात, मोबाइलवर संदेश वाजतो, आणि तो वाचणारा माणूस तेव्हा फडात, दुसऱ्याच्या उसात उभा असतो. गावात म्हातारी ग्रामसेवकाला सांगते, फोटोला पोरगं मार्चात येईल.